शमामा की परदेशी स्प्रे? थंडीसाठी एकच घ्यायचं असेल तर

भाच्याने पहिल्या बोनसमधले थोडे पैसे बाजूला ठेवलेत. त्याला उबदार, मसालेदार वासाचं एकच काहीतरी चांगलं घ्यायचंय. "मामा, परदेशी बाटली घेऊ की अत्तर?" असं त्याने फोनवर विचारलं. अर्धा तास बोललो, पण धड उत्तर देता आलं नाही. परदेशी स्प्रे की शमामा नावाचं मसालेदार अत्तर, ही निवड मी स्वतः केली आहे आणि ती करायला मला दोन हिवाळे लागले. म्हणून सविस्तर लिहितो. त्याच्याबरोबर आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर आनंदच आहे.

आपण बोलतोय त्या उबदार, मसालेदार वासांच्या घराण्याला इतकी वर्षं ओरिएंटल म्हणत, आता बऱ्याच ठिकाणी अंबर म्हणतात. या नावामुळे थोडा घोळ होतो. हे अंबर म्हणजे देवमाशाचं अंबर नव्हे, तर लॅबडॅनम (एका झुडपाची चिकट राळ), बेंझोइन आणि व्हॅनिला यांचा मेळ. बेंझोइन आपल्याला परका नाही. तिन्हीसांजेला निखाऱ्यावर घालतो तो ऊद तोच. अरबी दुकानात मात्र ऊद मागितलात तर अगरूचं तेल पुढे येईल, तेव्हा सांभाळून.

पॅरिसच्या बाजूने दोन नावं घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शालिमार 1925 सालचं, झाक गेरलँचं, लाहोरच्या शालिमार बागेचं नाव लावलेलं. सुरुवातीला बर्गमॉट या लिंबूवर्गी फळाचा लख्ख आंबटगोड वास आणि खाली व्हॅनिलाची मऊ गादी. त्यात इथाइल व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचं कृत्रिम द्रव्य, सढळ हाताने वापरलं, आणि पुढची शंभर वर्षं या घराण्यावर त्याची छाप राहिली. दुसरं 1977 सालचं ओपियम, ईव्ह सँ लोराँचं. लवंग, दालचिनी, कार्नेशन, मिर. मिर म्हणजे आपला हिराबोळ, बाळंतिणीच्या औषधातला. ही नावं वाचताना मला दर वेळी वाटतं, की हे सगळे जिन्नस आपल्याच फडताळातले आहेत. फक्त तिकडच्या कारागिरांनी ते वेगळ्या पद्धतीने गुंफले.

आता शमामा. हे उत्तर प्रदेशातल्या कनौजचं अत्तर. तांब्याच्या डेगेत जिन्नस आणि पाणी, खाली लाकूड-गोवऱ्यांचा जाळ, डेगेतून निघणारा सुतळी गुंडाळलेला बांबूचा चोंगा, आणि वाफ जिथे उतरते तो गार पाण्यात बुडवलेला भपका. भपक्यात आधीच चंदनतेल घातलेलं असतं, सुगंध त्यात मुरत जातो. गुलाब किंवा केवडा एका फुलाचा असतो. शमामा मात्र मिश्रणाचं काम आहे. दगडफूल, जटामांसी, नागरमोथा, कपूरकाचरी, लवंग, जायफळ, जायपत्री, वेलची... काही घराण्यांत ही यादी चाळिसाच्या पुढे जाते, आणि प्रमाण घराबाहेर सांगत नाहीत. जिन्नस टप्प्याटप्प्याने चढवतात, त्यामुळे एक घाणा दिवसच्या दिवस चालतो.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. नागरमोथा, जटामांसी आणि काचरी म्हणजे नरकचतुर्दशीच्या पहाटेचं उटणं. दगडफूल, जायपत्री आणि लवंग म्हणजे गोडा मसाला. शमामा पहिल्यांदा हातावर आला तेव्हा मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. दुकानदाराने काचेची काडी बाटलीत बुडवून मनगटाच्या वरच्या बाजूला एक रेघ ओढली. पहिली पाच मिनिटं वास काही खास वाटला नाही. मातकट, औषधी, वैद्यांच्या दुकानात शिरल्यासारखा. बाहेर येऊन रसवंतीपाशी उभा राहिलो, हात सहज नाकाशी गेला, आणि एकदम आई आठवली. ती मसाला करताना दगडफूल सगळ्यांत शेवटी तळायची, कारण ते क्षणात जळतं. कढईत पडताच ते चुरचुरायचं, आणि घरात एक कोरडा, धुरकट, जंगलासारखा वास फिरायचा. तोच वास माझ्या मनगटावर होता. खाली चंदन, वर तो.

यात नुसत्या आठवणी नाहीत. दगडफूल हे लायकेन आहे, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून झाडा-दगडांवर वाढणारा जीव. जुन्या फ्रेंच अत्तरांत ज्या ओकमॉसने खोली यायची, तेही लायकेनच. ओकमॉस, लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड या सगळ्यांनी काही लोकांच्या त्वचेला त्रास होतो. म्हणून इफ्रा या सुगंध-उद्योगाच्या संघटनेने त्यांच्या वापरावर मर्यादा घातल्या, आणि जुन्या मसालेदार स्प्रेंची पाककृती बदलावी लागली. एखाद्या आत्याच्या कपाटात ऐंशीच्या दशकातली बाटली हुंगली असेल, तर आजच्या बाटलीकडून हुबेहूब त्याची अपेक्षा ठेवू नका. लवंग आता जरा दबकून असते, आणि माझ्या नाकाला तरी तिची जागा गोडव्याने भरून काढल्यासारखी वाटते. अर्थात त्वचा नाजूक असेल तर शमामाही आधी कोपराच्या आत थोडासा लावून एक दिवस थांबा. त्यातही लवंग आणि लायकेन आहेतच.

हा गोडवाच पुढे माझ्या निर्णयाचं कारण ठरला, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहितो.

मी नाशिकला राहतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्कूटरवर हात आखडतात, स्वेटरशिवाय निघता येत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी एक चांगली परदेशी बाटली घेतली. नाव सांगत नाही, कारण दोष त्या एका बाटलीचा आहे असं मला वाटत नाही, या जातीच्या बहुतेकींचा हाच स्वभाव आहे. पहिले आठ-दहा दिवस मी अगदी हरखून गेलो होतो. लवंग, मग दालचिनी, मग ऊद आणि व्हॅनिला. ऑफिसात दोघांनी आपणहून विचारलं, काय लावलंय म्हणून. त्या पंधरवड्यात हा प्रश्न मला विचारला असता तर मी स्प्रेच घ्या म्हणून मोकळा झालो असतो.

मग एके दिवशी सकाळी खुंटीवरचा स्वेटर अंगात घालताना नाकाशी एक वास आला. सादळलेल्या क्रीमच्या बिस्किटांचा. लवंग गेलेली, दालचिनी गेलेली, हिराबोळाचा तो कडवट उदासपणाही गेलेला, उरलाय फक्त गोड थर. त्यावर मी त्या दिवसाचे दोन फवारे मारले. दुसऱ्या दिवशी तेच. जानेवारीच्या मध्यापर्यंत स्वेटर इतका गोड झाला होता की नवीन फवाऱ्यातली लवंग मला नीट ऐकूच येईना. तो बहिणीने हाताने विणलेला राखाडी स्वेटर. असा स्वेटर कुणी रोज धूत नाही, हिवाळ्यातून एकदा, फार तर दोनदा. धुतल्यावरही तो गोडवा पूर्ण गेला नाही.

कारण साधं आहे. बर्गमॉटसारखे हलके वास मिनिटांत उडतात, मसाले काही तास टिकतात, व्हॅनिलिन जड असतं, ते कापडात बसून राहतं. पांढऱ्या सुती कपड्यावर ते काळाने पिवळट-तपकिरी डागही पाडतं. सुती शर्टाला हे फारसं जाणवत नाही, कारण शर्ट रोज धुण्यात जातो. पण हे सुगंध आपण घेतो ते थंडीसाठी, आणि थंडीत अंगावर असते ती लोकर, शाल, मफलर, जाकीट, म्हणजे रोज न धुतले जाणारे कपडे. दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगताना हे कळायला काहीच मार्ग नाही. लेखांमधून सगळे पहिल्या दिवसाबद्दल बोलतात. मला अडचण आली ती विसाव्या दिवसापासून.

मुंबईला कामासाठी जातो तेव्हा हेच एका दिवसात होतं. दादरला उतरून पुन्हा लोकल धरली, की घामात तो गोडवा दुपारपर्यंत चिकट होतो. माझा अनुभव असा आहे, तुमची त्वचा वेगळी असेल. पण मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी अशा दमट ठिकाणी राहत असाल तर व्हॅनिला जास्त असलेला स्प्रे घेण्याआधी एक पूर्ण दिवस बाहेर फिरून बघा, एवढंच म्हणेन.

दुसऱ्या हिवाळ्यात अर्धा तोळा शमामा घेतला. तो चढण्याऐवजी कोरडा होत जातो. सकाळी औषधी आणि मातकट, दुपारी मसाल्याचा, संध्याकाळी चंदन आणि दगडफुलाची धुरकट सावली. दुसऱ्या दिवशी स्वेटरच्या गळ्याशी वास येतो तो गोड्या मसाल्याची बरणी रिकामी करून पुसून ठेवल्यावर येतो तसा. त्यावर नवीन थेंब लावला तर जुना आणि नवा भांडत नाहीत. फेब्रुवारीत स्वेटर ट्रंकेत ठेवताना मला तो धुवावासा वाटला नाही, इतकं सांगितलं तरी पुरे.

शमामाच्या अडचणी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. रंग गडद, लालसर तपकिरी. तेलाचा डाग पडतो आणि सहज निघत नाही. माझा एक पांढरा सदरा त्यात गेला. म्हणून मी तो थेट कापडावर लावत नाही. कानामागे, मनगटाच्या वरच्या बाजूला, किंवा जुन्या पद्धतीने कानाच्या पाळीत छोटासा फाया. स्वेटरला पोचतो तो अंगावरूनच.

दुसरी अडचण खरेदीची, आणि ही मोठी आहे. चंदनतेल अतोनात महागल्यापासून बऱ्याच अत्तरांच्या तळाशी लिक्विड पॅराफिन किंवा डीओपी अशी स्वस्त, बिनवासाची रासायनिक तेलं असतात. काही ठिकाणी नुसता कृत्रिम वास तेलात मिसळून शमामा म्हणून खपवतात. मलाही पहिल्यांदा तसाच एक मिळाला होता. तासाभरात वास सपाट, आणि त्वचेवर नुसता तेलकट थर. चंदनावरचा माल नाकाला ओळखता येतो, पण त्यासाठी चार-पाच तास द्यावे लागतात. शेवटी चंदन वर आलं पाहिजे. दुकानात घाई करणारा असेल तर हातावर रेघ ओढून घ्या, निघून या, दुसऱ्या दिवशी परत जा. मुंबईत मोहम्मद अली रोडच्या बाजूला चार दुकानं फिरलात तर चार वेगळे शमामा मिळतील, आणि एकाच दुकानातला पुढच्या वर्षीचा घाणाही थोडा वेगळा लागेल. स्प्रेची बाटली मात्र नागपुरात घ्या नाहीतर लंडनमध्ये, वास तोच. ज्यांना हा भरवसा हवा असतो त्यांना मी चुकीचं म्हणणार नाही.

दरवळाच्या बाबतीत स्प्रे सरळ पुढे आहे. लॉनवरचं रिसेप्शन, दोनशे माणसं, उघडं आकाश, तिथे शमामा तुमच्यापाशीच राहतो. आलिंगन देणाऱ्याला कळतो, हस्तांदोलन करणाऱ्याला कदाचित. मला ते आवडतं. पण तुमचं वय चोविसाचं असेल आणि खोलीत शिरल्यावर लोकांनी मान वळवावी असं वाटत असेल, तर त्यात काही वावगं नाही, आणि त्या कामाला अत्तर पुरणार नाही. तशा वेळी स्प्रे घेताना माझी एकच विनंती: लवंग-दालचिनी-राळ जास्त आणि व्हॅनिला कमी असा बघा. नावात किंवा वर्णनात कॅरॅमल, टॉन्का, प्रालिन असे शब्द एकापुढे एक दिसले, तर माझ्या स्वेटरची आठवण ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर चांगला शमामा स्वस्त नाही, आणि बाटली इतकीशी बघून मन कचरतं. पण रोज लागतो तो एक टिपूस. माझा अर्धा तोळा घेतल्यापासूनच्या दुसऱ्या थंडीतही चालू आहे, आणि मुरल्यावर आणखी गोल झालाय असं मला वाटतं. पूर्वी कनौजहून अत्तरं उंटाच्या कातड्याच्या कुप्पीत यायची, त्यात उरलेलं पाणी हळूहळू निघून जाई. माझ्याकडे साधी काचेची बाटली आहे, कपाटात अंधारात ठेवतो.

भाच्याला मी सांगितलं ते असं. पैसे लगेच देऊ नकोस. घरातले दोन जुने लोकरी मफलर काढ. एकावर तुला आवडलेल्या स्प्रेचे दोन फवारे, दुसऱ्यावर मी पाठवतो त्या शमामाचा एक फाया, आत घडीत ठेवून. सलग तीन दिवस रोज एवढंच कर. चौथ्या दिवशी काहीच न लावता सकाळी आंघोळीनंतर, चहाच्या आधी, दोन्ही गळ्यात घालून बघ. ज्यात अजून लवंग सापडेल तो घे. आणि शमामासाठी घेशील तो मफलर पांढरा नको.