कालबॅरीला जायचंय, मग कॅरव्हॅन ओढत न्यायची की मोटरहोम घ्यायचं?

कालबॅरी म्हणजे वेस्टर्न ऑस्ट्रेलियात पर्थच्या उत्तरेला समुद्रकाठचं गाव. कॅरव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, आणि मोटरहोम म्हणजे गाडीतच घर, वेगळं काही ओढायचं नाही. पर्थच्या मराठी घरांत जुलैची शाळेची सुट्टी जवळ आली की हा वाद हमखास होतो. आम्ही दोन्ही करून बसलोय, पहिल्या वर्षी मोटरहोम, तेव्हा फक्त आम्ही दोघं आणि दोन पोरं, आणि नंतर एकदा आपल्या सात सीटर गाडीमागे भाड्याची कॅरव्हॅन, तेव्हा सांगलीहून सासू-सासरे पण आलेले. त्यामुळे जे सांगतेय ते कालबॅरीपुरतंच धरा, दुसरीकडे उत्तर वेगळं येऊ शकतं.

आधी नकाशा बघा, कारण अर्धा निर्णय तिथेच होतो. पर्थपासून साधारण 580 किलोमीटर, म्हणजे न थांबता सहा तास, आणि पोरं असतील तर न थांबता हा शब्द विसराच. गावात मर्चिसन नदी समुद्राला मिळते. गावाच्या दक्षिणेला किनाऱ्याचे कडे, रेड ब्लफ, मशरूम रॉक, ईगल गॉर्ज, आयलंड रॉक, नॅचरल ब्रिज, सगळे गावापासून पंधराएक किलोमीटरच्या टप्प्यात. आणि आपल्या भूगोलाच्या पुस्तकात घळई म्हणायचे ती नदीची खोल दरी आतल्या बाजूला, नेचर्स विंडो (खडकातली नैसर्गिक खिडकी), स्कायवॉक (दरीवर पुढे आलेले पूल) आणि झी बेंड (दरीचं वळण), गावापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर. दरीच्या बाजूला गाडी लावून कॅम्पिंग करता येत नाही, म्हणजे मुक्काम गावातल्या कॅरव्हॅन पार्कातच, आणि रोज सकाळी कुठेतरी जाऊन परत यायचं.

मोटरहोमची गोची इथेच होते. सकाळी निघायचं म्हणजे पॉवरची लीड काढा, पाण्याचा पाईप गुंडाळा, छतावरची हॅच बंद करा, फ्रिजची कडी लावा, बरण्या आडव्या करून ठेवा, आणि एवढं करूनही पहिल्या वळणाला लोणच्याची बरणी खाली आलीच. रेड ब्लफवर सूर्यास्त बघायला फक्त पाच किलोमीटर जायचं होतं पण नवरा म्हणाला आता परत कोण सगळं आवरणार, आणि आम्ही चक्क गेलोच नाही 😅 कॅरव्हॅनच्या वेळी मात्र एकदा उभी केली, गाडी सोडवली, की चार दिवस गाडी मोकळी. संध्याकाळी चहा झाला की चला रे कड्यावर, अर्ध्या तासात परत.

पण कॅरव्हॅनचं दुखणं आहे रिव्हर्स. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की मागचं धूड उजवीकडे जातं, आणि अख्खं पार्क खुर्च्या टाकून बघत बसलेलं असतं. मी मागे उभी राहून हात हलवतेय, तो मला आरशात शोधतोय, लग्नाला बारा वर्षं झाली पण तेवढं भांडण कधी झालं नव्हतं. बुक करताना ड्राइव्ह थ्रू साईट मागा, समोरून आत आणि समोरूनच बाहेर, काही पार्कांत मिळते. शिवाय तुमची गाडी तेवढं वजन ओढू शकते का ते मॅन्युअलमध्ये बघा, छोट्या गाडीचं ते काम नाही, टो बार (कॅरव्हॅन जोडायचा मागचा दांडा) आणि कॅरव्हॅनच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर लागतो, मोठे आरसे पण लागतात. कॅरव्हॅन ओढताना आपण बाकीच्या गाड्यांपेक्षा हळू जातो, त्यामुळे मागे रांग लागते आणि रोड ट्रेन (दोन-तीन डबे जोडलेला लांबलचक ट्रक) शेजारून गेली की सगळं हलतं. मोटरहोमला हे टेन्शन नाही, साडेचार टनांपर्यंतचं नेहमीच्या कार लायसन्सवर चालतं, आणि मागे काही लटकलेलं नसतं.

वारा दोघांनाही धरून असतो. वाटेत जेराल्डटन शहराच्या अलीकडे ग्रीनो गावाला झाडं जमिनीला समांतर वाढलेली दिसतील, ती बघूनच समजून घ्यायचं. आम्ही नाही समजलो, दुपारी ऑनिंग (कॅरव्हॅनच्या बाजूचं उघडझाप होणारं कापडी छप्पर) उघडी ठेवून पेलिकनच्या फोटोंत रमलो आणि तासाभरात तिचा एक हात वाकला. चूक आमचीच, पैसे पण आमचेच गेले.

मोटरहोमला एक गुण द्यायलाच पाहिजे, टॉयलेट आणि गॅस सोबत असतो. उन्हाळ्यात (इकडचा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी) दरीतलं तापमान 50 अंशांपर्यंत जातं आणि लूप ट्रेलला (दरीतून चालत फिरून परत येण्याची वाट) सकाळी सातच्या आत निघा असं सांगतात, मग पार्किंगमध्येच पोहे करून पोरांना खायला घालता येतात, हे सुख कॅरव्हॅनवाल्याला नाही, तो डबा घेऊन जातो. पण खरं सांगायचं तर पोरं असतील तर उन्हाळ्यात जाऊच नका, जुलै ते सप्टेंबर जा, रानफुलं पण तेव्हाच.

आता घरात म्हातारी माणसं असतील तर वेगळा हिशोब. सासूबाईंनी कॅरव्हॅनच्या आतली बंक बेडची शिडी एकदा बघितली आणि म्हणाल्या, मी नाही बाई. मग त्याच पार्कात त्यांच्यासाठी केबिन घेतली, जेवण सगळ्यांचं आमच्या ऑनिंगखाली (वाकलेल्या). स्कायवॉक त्यांना सगळ्यात आवडला, 2020 साली झालाय, पार्किंगपासून सपाट वाट, व्हीलचेअर पण जाते, दोन पूल दरीच्या काठाबाहेर 25 आणि 17 मीटर पुढे आलेत आणि खाली शंभर मीटर मोकळं. सासरे टोकाला उभे राहून लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दगड बघत म्हणाले, निघोजची (नदीने खडकात कोरलेली) कुंडं आठवली, फक्त ही कुणीतरी ताणून लांब केलीयेत. झी बेंडला मात्र पायऱ्या-दगड आहेत, गुडघे दुखत असतील तर सोडून द्या, त्यापेक्षा किनाऱ्यावरचा नॅचरल ब्रिज बघा, पार्किंगपासून थोडंच चालायचंय.

तर चार-पाच दिवस एकाच ठिकाणी राहणार असाल तर कॅरव्हॅन, आणि ओढायची भीती वाटत असेल तर पार्कात आणून उभी करून देणारे असतात, त्यांना विचारा. पुढे उत्तरेला शार्क बे, कोरल बे असं रोज गाव बदलत जायचं असेल तर मोटरहोमच घ्या, तिथे रोज सोडा-जोडा करून जीव जाईल. दोन्हीतलं काही घ्या, माश्यांपासून तोंड झाकायची जाळी पर्थमधूनच माणशी एक घेऊन निघा. आमच्याकडे सहा माणसांत दोन जाळ्या होत्या आणि दोन्ही पोरांनी पळवल्या.