समुद्री शेवाळाचा अर्क: जोड गांडूळखताला की १९:१९:१९ या विद्राव्य खताला?

आधी एक गैरसमज काढून टाकू. समुद्री शेवाळाचा अर्क हे झाडाचं जेवण नाही, ताटातलं लोणचं आहे. नत्र-स्फुरद त्यात नावालाच, पालाश थोडंफार. कामाचं असतं ते ऑक्सिन, सायटोकायनिन यांसारखी संजीवकं, म्हणजे वाढ घडवणारी संप्रेरकं, आणि अल्जिनेट हा शेवाळातला चिकट पदार्थ.

गांडूळखतात नत्र साधारण दीड टक्का, तेही जिवाणूंच्या हातून हळूहळू सुटणारं. अर्कातली शर्करा या जिवाणूंना खाद्य म्हणून मिळते, त्यामुळे इथे फवारणीपेक्षा आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणं, मला जास्त पटते. पण खालची पानं पिवळी पडायला लागली असतील, तर बाटलीभर अर्क ओतूनही नत्राची भूक भागत नाही. कुंडीतल्या वांग्या-मिरच्यांना मात्र ही जोडी झकास. चुकून जास्त पडलं तरी मुळं जळायची भीती कमी.

विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या, खताचा हिशोब रोखठोक: १९:१९:१९ म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के. लिटरला ५ ग्रॅम १९:१९:१९ फवारलं की आठवड्याभरात पालवी सांगते. जेवण भरपूर आहेच, म्हणून अर्क लागतो तो ताणाच्या वेळी: रोपं नुकतीच लावलीत, ऊन तापलंय, तेव्हा लिटरला २-३ मिली. पण मिसळताना जपून. मी एकदा टोमॅटोसाठी कॅल्शियम नायट्रेट आणि अर्क एकाच पंपात घातले. कॅल्शियमने अल्जिनेटची जेली केली, नोझलमध्ये साबुदाण्याच्या खिरीसारख्या गुठळ्या, आणि अख्खी सकाळ टाचणी घेऊन बसलो. आता दोन्हींत चार दिवसांचं अंतर ठेवतो.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर खतच घ्या.