कोठ्यातला डस्ट कलेक्टर : दहा महिने वापरल्यानंतर

मागच्या दसऱ्यानंतर मी २ एचपीचा डस्ट कलेक्टर, म्हणजे सुतारकामातला भुसा आणि धूळ पंख्याने ओढून पिशवीत टाकणारे यंत्र, घेतला. आता श्रावण लागला आहे. हिवाळा, पूर्ण उन्हाळा आणि निम्मा पावसाळा असे तिन्ही ऋतू त्याने माझ्याकडे पाहिले. घेण्याआधी मी बरीच चौकशी केली, पण गावात, कवेलूच्या छपराखाली, सिंगल फेजवर हे यंत्र कसे चालते ते सांगणारे कोणी भेटले नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी जागा म्हणजे भंडारा जिल्ह्यात, लाखनी तालुक्यात, घरामागचा गुरांचा जुना कोठा. १२ बाय १८ फूट, वर कवेलू, एका बाजूला टिना. नोकरी शाळेत, सुतारकाम संध्याकाळी आणि सुट्टीत. टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत), ६ इंची रंधा मशीन, राउटर (लाकडात खाचा आणि कडा कोरणारे) आणि ऑर्बिटल सँडर (पॉलिशपेपरने घासणारे) एवढी यंत्रे आहेत. लाकूड बहुतेक सागवान, थोडे बिजा आणि शिवण, आणि जुनी घरे पाडल्यावर निघणाऱ्या मयाली, फाटे.

गेल्या वर्षी मे महिन्यात एक दिवाण करायला घेतला होता. तिसऱ्या दिवशी दोन्ही हातांवर पुरळ उठले, पापण्या सुजल्या, रात्री नाक चोंदून झोप येईना. मला वाटले घामोळ्या असतील. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "सागवान घासता का?" बल्लारशाच्या डेपोतले सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेले, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण सागवानाला टिकाऊ करणारी जी द्रव्ये त्याच्या अंगात असतात, त्यांच्याच कुळातले डिऑक्सिलॅपॅकॉल काही माणसांच्या कातडीला सोसत नाही. घामेजलेल्या अंगावर धूळ बसली की त्रास वाढतो. आणि प्रश्न कातडीपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तो मुख्यतः नाकाच्या आतल्या भागाचा कर्करोग. हे वाचल्यावर मी झाडू खाली ठेवला.

भुसा आणि धूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला उशिरा कळले. भुसा जमिनीवर पडतो, दिसतो, झाडता येतो. खरी त्रासदायक ती १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक धूळ, जी तासन्‌तास हवेत राहते आणि डोळ्यांना दिसत नाही. माझ्या कोठ्यात ती पाहायची सोय आपोआपच आहे. सकाळी नऊच्या सुमारास कवेलूच्या फटीतून कवडसा पडतो. पूर्वी मशीन बंद करून चहा पिऊन परत आलो तरी त्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत असायची. झाडले की आणखी उठायची. तोंडाला दुपट्टा बांधून काम करणारे आपण सगळेच आहोत. दुपट्टा उन्हासाठी ठीक आहे, पण ही धूळ त्याच्या विणीतून आरपार जाते. सँडिंगच्या वेळी मी आता एन-९५ लावतो आणि काम संपल्यावरही पंधरा-वीस मिनिटे काढत नाही.

पहिली चूक म्हणजे मी आधी १४०० वॅटचा व्हॅक्यूम क्लीनर घेतला आणि तो रंधा मशीनला जोडला. दोन फळ्या झाल्या नाहीत तोच पाइप चोंदला. व्हॅक्यूमची ओढ जबर असते, पण हवा थोडी. कलेक्टरची ओढ व्हॅक्यूमच्या साधारण दहाव्या हिश्श्याची, पण हवा कितीतरी जास्त. सँडर आणि राउटरसारख्या हाती चालणाऱ्या यंत्रांना बारीक पाइप आणि जोराची ओढ लागते, तिथे व्हॅक्यूमच हवा. रंधा मशीन आणि टेबल सॉ ढीगभर छिलके टाकतात, तिथे जाड पाइप आणि भरपूर हवा हवी. एकात दोन्ही कामे होत नाहीत. माझ्याकडे आज दोन्ही आहेत, आणि दोन्ही लागतात.

कलेक्टर विकणाऱ्याने १२०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला १२०० घनफूट हवा, सांगितले होते. तो आकडा पिशवी नाही, पाइप नाही, मोकळ्या तोंडाचा. हिशेब आपणच करावा. पाइपमध्ये भुसा खाली न बसता वाहत राहायला हवेला मिनिटाला साधारण ४००० फूट वेग लागतो, म्हणजे ताशी ७३ किलोमीटरच्या आसपास. ४ इंची पाइपमधून या वेगाने सुमारे ३५० सीएफएम हवा जाते. ६ इंची पाइपला तोच वेग ठेवायचा तर जवळपास ७८५ लागतात. माझे यंत्र तेवढे ओढत नाही, म्हणून मी ४ इंचावर थांबलो. मोठा पाइप म्हणजे चांगला पाइप असे नाही. यंत्र कमी पडले तर आडव्या लाइनमध्ये भुसा बसून राहतो.

पाइप म्हणून विहिरीच्या लाइनचा ११० मिमीचा पीव्हीसी घेतला. कोणत्याही तालुक्याच्या दुकानात मिळतो, आतून गुळगुळीत आहे आणि स्वस्त आहे. यंत्रासोबत आलेला वेटोळा लवचिक पाइप हवेला फार अडवतो, तो शेवटचे दीड-दोन फूटच ठेवा. काटकोनी एल्बो टाळा, दोन ४५ अंशांचे जोडा. प्रत्येक मशीनपाशी प्लायच्या दोन पट्ट्यांमध्ये सरकणारा पत्र्याचा दरवाजा केला आहे, एका वेळी एकच उघडा.

आता सायक्लोनबद्दल, म्हणजे हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणाऱ्या शंकूबद्दल. याने माझी सगळी व्यवस्था बदलली. यंत्रासोबत आलेली कापडी पिशवी ३० मायक्रॉनची होती. चालू केली की पिठाच्या गिरणीतल्या पिशवीसारखी चारही बाजूंनी धूळ सोडायची. म्हणजे मोठा भुसा आत आणि जी धूळ पकडायची ती बरोबर माझ्या नाकासमोर. पिशवीच्या आधी सायक्लोन लावायचे ठरवले. तयार प्लास्टिकचे मिळतात, पण मी आमच्या इथल्या वेल्डिंगवाल्याकडे चित्र घेऊन गेलो. तो पाहून म्हणाला, "गुरुजी, हे तं राइस मिलवरचं चक्र होय जी. लहान करून देतो." आमच्या भागात राइस मिलच्या छपरावर कोंडा वेगळा करणारे हे शंकू दिसतातच, आणि तो गेली कित्येक वर्षे ते दुरुस्त करत आला आहे. जस्ती पत्र्याचे सायक्लोन त्याने चार दिवसांत दिले. खाली ६० लिटरचा निळा ड्रम. ड्रमचे झाकण हवाबंद नसेल तर सायक्लोनचा उपयोग शून्य, भुसा पुन्हा वर उचलला जातो. झाकणाच्या कडेला सायकलची जुनी ट्यूब चिरून लावली आणि काम झाले. व्हॅक्यूमखाली पेंटची बादली ठेवून पाहिली होती, ती पाइप चोंदताच आतल्या आत चेपली. व्हॅक्यूमसाठी जाड भांडेच हवे.

सायक्लोन कलेक्टरच्या पंख्याच्या आधी असण्याचे आणखी एक मोठे कारण आहे. जुन्या घरांच्या लाकडात खिळे असतात. जानेवारीत एका फाट्यातला खिळ्याचा तुकडा ओढला गेला आणि ठणकन आवाज झाला, पण तो ड्रममध्ये पडला. तो लोखंडी पंख्यावर आपटून ठिणगी उडाली असती आणि मागे कोरड्या भुशाची पिशवी असती, तर काय झाले असते या विचाराने मी त्या दिवशी काम थांबवले. आपल्याकडे पॉलिशला जवसाचे तेल वापरतात. तेलाची चिंधी भुशाच्या ड्रममध्ये कधीही टाकू नका. ती आपोआप तापते आणि पेटते. मी अशा चिंध्या बाहेर तारेवर पसरून वाळवतो.

डिसेंबरात मी पिशवी काढूनच टाकली. सायक्लोननंतरची हवा सरळ भिंतीबाहेर सोडली. थंड देशांतले लोक महागडे फिल्टर लावून तीच हवा पुन्हा आत घेतात, कारण त्यांची खोली तापवलेली असते आणि ती ऊब त्यांना गमवायची नसते. आपल्या कोठ्यात कसली ऊब वाचवायची? जी बारीक धूळ सायक्लोन पकडू शकत नाही, ती घराबाहेर उघड्यावर गेलेली बरी. विदर्भात घरी सुतारकाम करणाऱ्याने फिल्टरवर खर्च करण्याआधी भिंतीला भोक पाडावे, असे माझे ठाम मत आहे. भोवती दाट वस्ती असेल, शेजाऱ्याची खिडकी समोर असेल, तर मात्र १ मायक्रॉनची पिशवी किंवा कार्ट्रिज फिल्टर घ्यावाच लागेल. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) कापत असाल तर आणखी काळजी घ्या. त्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो आणि त्याची धूळ मैद्यासारखी असते.

उन्हाळ्यात याचा एक फायदा निघाला तो मला आधी सुचलाही नव्हता. कुलर असलेल्या खोलीतून हवा बाहेर निघायला वाट नसेल तर कुलर नुसता दमटपणा करतो, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. कलेक्टर हवा बाहेर फेकतो, कुलर तेवढी थंड हवा आत घेतो. ४५ अंशांच्या मे महिन्यात मी दुपारीसुद्धा काम करू शकलो. फक्त कुलर योग्य जागी हवा. आधी तो सॉच्या बाजूने होता आणि हुडकडे (धूळ ओढून घेणाऱ्या तोंडाकडे) जाणारी धूळ उडवून देत होता. आता तो माझ्या पाठीमागे आहे, हवा माझ्याकडून मशीनकडे जाते. चिकटवलेले पल्ले मात्र कुलरच्या झोतात ठेवू नका, एक पल्ला माझा वाकडा झाला.

हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या तोंडाने घरात भांडण लावले ते वेगळे. पहिले भोक आंगणाच्या बाजूला पाडले होते. चैत्रात आईने मुंगवड्या आणि कुरड्या वाळत घातल्या आणि संध्याकाळी त्यांच्यावर तांबूस पापुद्रा. आई म्हणाली, "एवढं मशीन आणलं तं माझ्याच वाळवणावर कावून सोडतं?" तिचे बरोबरच होते. दुसऱ्या दिवशी तोंड मागच्या सांदवाडीकडे वळवले आणि पाइप छपराच्या वर नेला. आता आंगणात काही येत नाही. पावसासाठी वर वाकडा एल्बो आहे. जाळी लावली होती, पण ती धुळीने भरली. जाळी काढली तर कुंभारमाशीने तोंडात मातीचे घर केले. आता पत्र्याचे हलके झाकण आहे, हवेने उघडते, बंद केले की पडते.

वीज हा खरा त्रास. गावठाणाच्या लाइनवर एप्रिल-मेच्या संध्याकाळी घरोघरी कुलर सुरू झाले की व्होल्टेज १८०पर्यंत उतरते. कलेक्टरमध्ये असते तशा इंडक्शन मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३०ऐवजी १८० आले तर ६१ टक्केच उरते. मोटर हुंकारते, तापते. एप्रिलमध्ये मोटरचा कपॅसिटर फुगून गेला. त्यानंतर १९० खाली आपोआप बंद करणारे उपकरण बसवले आणि उन्हाळाभर संध्याकाळचे काम टाळले. मीटरपासून कोठ्यापर्यंत ६० फूट आहे, तिथे ४ चौरस मिमीची वायर ओढली. कलेक्टर आधी सुरू करा, पाच-सहा सेकंदांनी सॉ. दोन्ही एकदम सुरू केले की एमसीबी पडते. आणखी एक गोष्ट मला उलटी वाटली होती. पाइप चोंदला तर मोटरवर ताण येईल असे वाटते, पण अशा पंख्यात हवा जितकी मोकळी वाहते तितका करंट जास्त. क्लॅम्प मीटर लावून पाहिले, दोन दरवाजे एकदम उघडे ठेवले की अँपिअर चढतात. पिशवी काढल्यावर म्हणूनच हे मोजून घ्यावे.

पावसाळ्यात पीव्हीसी पाइपवर साठणाऱ्या स्थिर विजेचा झटका लागत नाही, पण उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत रंधा मशीन चालवताना पाइपला हात लागला की चांगलाच बसायचा. पाइपभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळून अर्थिंगला जोडली, तेव्हापासून नाही.

खर्च : यंत्र २४ हजार, सायक्लोन आणि ड्रम साडेतीन हजार, पाइप-जोडण्या दोन हजारांच्या आत, वायर आणि अर्थिंग वेगळे. छिलके शेजारचे लोक शेगडीसाठी घेऊन जातात. एमडीएफचा भुसा मी कुणालाही चुलीत घालायला देत नाही.

पुरळ या उन्हाळ्यात उठले नाही. हात झाकून काम केले हेही त्याचे कारण असेल. सकाळचा कवडसा रंधा मशीननंतर जवळपास स्वच्छ असतो. टेबल सॉनंतर अजून नाही, कारण पाते वरच्या बाजूने जी धूळ माझ्याकडे फेकते ती खालच्या पाइपला सापडतच नाही. पात्यावर झाकणासारखे हूड आणि त्याला व्हॅक्यूमचा पाइप असे करायचे आहे, पत्रा आणून ठेवला आहे. कपॅसिटर एक जास्तीचा घेऊन ठेवा, तालुक्याला त्याच मापाचा मला आठ दिवस मिळाला नव्हता.