डाव्या बाजूचा सेंटर-बॅक: डावखुरा पण दुखापतींचा, की उजव्या पायाचा पण हजर?

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल संघाच्या चाहत्यांत डावखुरा लिसांद्रो मार्टिनेझ की उजव्या पायाचा हॅरी मॅग्वायर हा वाद एकदा पेटला की तो त्या दोघांपुरता राहत नाही. एक बाजू म्हणते, डाव्या सेंटर-बॅकला, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या दोन बचावपटूंपैकी डावीकडच्याला, डावा पायच हवा, बाकीचं नंतर बघू. दुसरी म्हणते, पाय कुठलाही असू दे, सामन्याच्या दिवशी मैदानात उतरणारा माणूस हवा. कोल्हापुरातल्या आमच्या संघाची निवड करताना माझ्यासमोर नेमका हाच पेच होता. एकाचा डावा पाय बघत राहावा असा, पण कधी पोटरी धरलेली तर कधी हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू. दुसरा पक्का उजव्या पायाचा, डावा जेमतेम, पण सराव असो की सामना, गडी हजर. तुमच्यापुढेही असे दोघे उभे असतील तर माझा अनुभव कामी येईल. मात्र हेडर, टॅकल आणि जागा धरणं यांत दोघं उन्नीस-बीस असतील तरच हा प्रश्न खरा. तिथेच मोठा फरक असेल तर पायाचा विचार करायचं कारण नाही.

आधी डावखुऱ्याची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. गोलरक्षकाकडून पास आला की डावखुरा तो बाहेरच्या पायावर घेतो. त्याच स्पर्शात अंग उघडतं आणि लेफ्ट बॅक (डाव्या कडेचा बचावपटू), डावा विंगर (कडेने पुढे पळणारा), समोरचा मिडफिल्डर असे तिन्ही रस्ते एकदम दिसतात. उजव्या पायाचा खेळाडू तोच चेंडू आतल्या पायावर घेतो, अंग आत वळवतो, आणि नेमका तिथूनच समोरचा स्ट्रायकर वळसा घेऊन अंगावर येतो. आत जायची वाट बंद, बाहेर फक्त साइडलाइन, आणि तिकडे पास द्यायचा तर कच्च्या पायाने. प्रतिस्पर्ध्याचा प्रशिक्षक हुशार असेल तर पहिल्या दहा मिनिटांत त्याला हे कळतं आणि मग सगळा संघ त्याच कोपऱ्यात दाबायला येतो.

लांबच्या पासचंही तसंच. उजव्या पायाच्या आतल्या बाजूने लाइनला धरून मारलेला चेंडू हवेत डावीकडे, म्हणजे मैदानाबाहेर वळतो. विंगर पळत पोचेपर्यंत थ्रो-इन झालेला असतो. डाव्या पायाने मारलेला तोच चेंडू आत वळतो आणि विंगरच्या पुढ्यात पडतो. आमच्या डावखुऱ्याचा हा पास आमच्या विंगरला इतका अंगवळणी पडला होता की चेंडू सुटायच्या आधीच तो पळायला लागायचा. ते दृश्य मला आजही आवडतं, आणि ते संघात नाही याची खंत आहे.

युनायटेडमध्ये हाच फरक २०२२ च्या ऑगस्टमध्ये दिसला. ब्रेंटफर्डने ४-० ने धुतल्यावर जेमतेम पावणेसहा फुटांच्या मार्टिनेझच्या उंचीवर सगळे तुटून पडले होते. तेव्हाचे प्रशिक्षक टेन हाग यांनी मात्र पुढच्याच सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध मॅग्वायरला बाकावर बसवून व्हरान आणि मार्टिनेझ ही जोडी उतरवली आणि युनायटेड २-१ ने जिंकलं. उजवीकडे उजवा, डावीकडे डावा, दोघांची अंगं बाहेर उघडलेली. आर्सेनलकडे सलिबा आणि गॅब्रिएल ही जोडीही अशीच आहे. कागदावर यापेक्षा चांगलं काही नाही.

पण उजव्या पायाचा माणूस डावीकडे म्हणजे नुसती तडजोड, असंही नाही. लिव्हरपूलचा व्हॅन डाइक उजव्या पायाचाच आहे आणि त्याची सगळी मोठी वर्षं डाव्या सेंटर-बॅकच्या जागेवर गेली आहेत. बचावात तर कधीकधी उलटा पाय फायद्याचा ठरतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आर्सेनलने लिव्हरपूलला ३-२ ने हरवलं, त्या दिवशी आर्सेनलचे प्रशिक्षक आर्टेटा यांनी टोमियासूला लेफ्ट बॅकला लावलं होतं. समोर लिव्हरपूलचा उजवा विंगर सालाह. सालाह उजवीकडून डाव्या पायावर घेत आत शिरतो, आणि आत शिरताना त्याच्यासमोर टोमियासूचा मजबूत उजवा पाय यायचा. हल्ली जवळजवळ प्रत्येक संघ उजव्या विंगला डावखुरा ठेवतो, आपल्याकडच्या स्पर्धांतही ठेवतात. त्यामुळे हा मुद्दा मला दिवसेंदिवस वजनदार वाटतो.

टोमियासूचं नाव निघालं म्हणून सांगतो. तो दोन्ही पायांनी जवळपास सारखाच खेळतो, म्हणजे पायाचा प्रश्नच मिटलेला. पण गुडघ्याने आणि स्नायूंनी साथ दिली नाही. २०२४-२५ च्या हंगामात तो लीगमध्ये एकदाच, तोही बदली खेळाडू म्हणून उतरला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात आर्सेनलशी परस्परसंमतीने करार संपला. इतका गुणी खेळाडू, आणि चाहत्यांना तो मिळाला तुकड्यातुकड्यांत.

आता माझ्या दृष्टीने निर्णायक ठरलेली गोष्ट. ती दुखापत नव्हे. दुखापत कोणालाही होते. मला वैताग आला तो ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ या वाक्याचा. मोठी दुखापत झाली की निदान हिशेब कळतो. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं म्हणजे साधारण नऊ महिने माणूस नाही, बदली शोधा आणि पुढे चला. पोटरी आणि हॅमस्ट्रिंगचं तसं नसतं. बुधवारी तो सरावाला येतो, हळूहळू पळतो, हसत सांगतो की आता काही जाणवत नाही. शुक्रवारी पूर्ण जोरात एक स्प्रिंट मारतो आणि मध्येच मांडीला हात लावून थांबतो. या दुखापती परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच पुन्हा उलटायची भीती सर्वांत जास्त असते, त्यामुळे त्याला दोषही देता येत नाही. पण संघाची निवड भिजत घोंगडं होऊन बसते.

आणि याची खरी झळ बसते ती इतर खेळाडूंना. डावखुरा नाही म्हणून लेफ्ट बॅक आत यायचा, लेफ्ट बॅकच्या जागी मिडफिल्डर जायचा, मिडफिल्डमध्ये नवा पोरगा. पुढच्या सामन्याला डावखुरा परत, सगळे पुन्हा आपापल्या जागी. त्याच्या पुढच्याला पुन्हा तीच उलथापालथ. एका माणसाच्या पोटरीपायी तीन जागा हलत होत्या. गोलरक्षकाला बॅकपास कोणत्या पायावर द्यायचा याचीही सवय लागेना. सगळ्यांत वाईट अवस्था बदली खेळाडूची. आपण या सामन्यापुरते की हंगामभराचे हे त्याला कळत नाही, आणि मग तो प्रत्येक चेंडू चुकायच्या भीतीनेच खेळतो.

लिव्हरपूलच्या २०२०-२१ च्या हंगामाकडे मी याच नजरेने बघतो. १७ ऑक्टोबर २०२० ला एव्हर्टनविरुद्ध व्हॅन डाइकचा गुडघा गेला. पाठोपाठ गोमेझ आणि मॅटिप हे सेंटर-बॅकही जायबंदी झाले. मधल्या काळात फाबिन्हो आणि हेंडरसन या मिडफिल्डरना मागे ओढलं, जोड्या सतत बदलत राहिल्या आणि घरच्या मैदानावर, म्हणजे अ‍ॅनफील्डवर लीगमधले सलग सहा सामने हरले. शेवटी नॅट फिलिप्स आणि ऱ्हिस विल्यम्स ही जोडी ठरली आणि फाबिन्हो आपल्या जागी परतला. शेवटचे पाच सामने लिव्हरपूलने ओळीने जिंकले आणि तिसरं स्थान मिळवलं. ती दोन पोरं व्हॅन डाइकच्या जवळपासही नव्हती. पण ती ठरलेली होती, आणि बाकीचे नऊ जण आपापल्या जागेवर होते.

युनायटेडच्या चाहत्यांनी याची उलटी बाजू भोगली. एप्रिल २०२३ मध्ये सेव्हिया या स्पॅनिश संघाविरुद्धच्या एकाच सामन्यात व्हरान आणि मार्टिनेझ दोघंही जायबंदी झाले. मार्टिनेझच्या पायाचं हाड मोडलं होतं. पुढच्या हंगामात तोच पाय पुन्हा दुखावला, जानेवारीत तो परतला, फेब्रुवारीत गुडघा गेला. त्या वर्षी मे महिन्यात क्रिस्टल पॅलेसने ४-० ने हरवलं तेव्हा सेंटर-बॅकला कासेमिरो हा मिडफिल्डर खेळत होता. त्यानंतर काही आठवड्यांतच मार्टिनेझ एफए कपच्या अंतिम सामन्यात उतरला आणि युनायटेडने मँचेस्टर सिटीला २-१ ने हरवलं. तो असला की संघ काय होतो हे त्या दुपारी दिसलं, म्हणून त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही.

मॅग्वायरही काही पोलादाचा नाही. पोटरीमुळेच त्याची २०२४ ची युरो स्पर्धा हुकली. आणि सेव्हियाविरुद्धच्या परतीच्या लढतीत स्वतःच्या गोलसमोर तिघांच्या गराड्यात त्याने चेंडू गमावला, ते कोणी विसरलेलं नाही. चेंडूवरचं अवघडलेपण हा त्याचा कायमचा उणेपणा. तरी ल्योनविरुद्ध जादा वेळेत १२१ व्या मिनिटाला हेडर मारायला तो तिथे होता, ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅनफील्डवर विजयी गोल करायलाही होता. मार्टिनेझ त्या दोन्ही वेळी गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता.

त्यामुळे माझा कौल उजव्या पायाच्या हजर माणसाला. कच्च्या पायाला आजूबाजूच्यांनी सांभाळून घेता येतं, बेभरवशाला नाही. आम्ही लेफ्ट बॅकला पाच-सात पावलं मागे उभं केलं, म्हणजे पास आखूड झाला. डिफेन्सिव्ह मिडफिल्डरला थोडं डावीकडे सरकवलं, म्हणजे उजव्या पायाने सरळ देता येईल असा एक रस्ता कायम उघडा राहिला. गोलरक्षकाला सांगितलं की त्याला चेंडू उभ्याउभ्या नको, थोडा पुढे दे, म्हणजे पळत्या पायावर येईल. लांब पासचं काम उजव्या सेंटर-बॅककडे गेलं. आमचा खेळ थोडा कमी देखणा झाला, हे मान्य. पण मागचे चौघे एकमेकांना न बघता ओळखायला लागले.

अर्थात तुमची परिस्थिती वेगळी असू शकते. मैदान सपाट असेल, गोलकीकही आखूड घेऊन मागूनच खेळ बांधायची तुमची पद्धत असेल आणि बाकावर आणखी एक बऱ्यापैकी डावखुरा असेल, तर पहिली पसंती डावखुऱ्यालाच द्या. दोन-चार सामन्यांच्या छोट्या नॉकआउट स्पर्धेलाही मी त्यालाच घेईन, तो त्या आठवड्यात धडधाकट असेल तर. पूर्ण हंगामाच्या लीगला मात्र नाही.

आणि उजव्या पायाच्याला घेतलात तर सरावात त्याच्याकडून डाव्या पायाचे चाळीस यार्डांचे पास मारून घेत बसू नका. त्याला दोनच गोष्टी हव्यात. डाव्या पायाने पहिला स्पर्श बाहेरच्या बाजूला, आणि लगेच त्याच पायाने दहा-बारा यार्डांवर लेफ्ट बॅकला जमिनीवरून पास. समोर वळसा घेत अंगावर येणारा एक जण ठेवा, नाहीतर तो सवयीने चेंडू उजवीकडेच ओढेल.