बॅटरी बदलून देतो म्हणाला आणि चांगली बॅटरीच काढून घेतली

लॅपटॉप जुना झाला आणि चार्जिंग टिकेनासं झालं की कोणीही म्हणतं, बॅटरी गेली. यावरच काही दुकानदारांचं फावतं. जळगावातल्या एका दुकानात माझ्या भाचीची फसवणूक झाली. चोपडा, पाचोरा, अमळनेरकडची पोरं सेकंडहँड लॅपटॉप दुरुस्तीला जळगावातच नेतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तिचा त्रास वेगळाच होता. वापरताना लॅपटॉप व्यवस्थित चालायचा, पण रात्री पूर्ण चार्ज करून बंद केला की सकाळी निम्म्याच्या आसपास. दुकानदाराने चार्जर लावला, मिनिटभर बघितलं आणि म्हणाला, "ताई, सेल गेले. आपल्याकडचं ऊन माहितीये ना, शिजून गेली बॅटरी. ओरिजिनल टाकून देतो, वर्षाची गॅरंटी." उन्हाचं अर्धं खरं होतं. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि लिथियम-आयन बॅटरीची क्षमता उष्णतेने कायमची घटते. त्यामुळे पोरीला ते पटलं. साडेतीन हजार घेतले, जुनी बॅटरी "भंगारातच जाते" म्हणून ठेवून घेतली आणि बिलाऐवजी कच्ची चिठ्ठी दिली. तिच्यावर बॅटरीचा नंबरसुद्धा नव्हता.

घरी आल्यावर रात्रीची उतरण तशीच. वर आता वापरतानाही तासाभरात लॅपटॉप बंद.

भाचीने दुकानात जाण्यापूर्वी बॅटरीचा रिपोर्ट काढून ठेवला होता, तो कामी आला. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप केलं की एक फाइल तयार होते. बॅटरी नवी असतानाची क्षमता, आताची पूर्ण चार्जची क्षमता, किती वेळा चार्ज-डिस्चार्ज झाली आणि सिरियल नंबर, हे सगळं त्यात येतं, रिपोर्टच्या तारखेसकट. जुन्या बॅटरीत मूळच्या ४७ हजार मिलिवॉट-तासांपैकी ३८ हजार शिल्लक होते. इतक्या वापरानंतर ही बॅटरी चांगलीच म्हणायची. 'नव्या ओरिजिनल' बॅटरीत उरले होते २१ हजार, आणि तिची सहाशेच्या वर चक्रं झालेली. नखाने स्टिकर उचकटला तर खाली दुसरा, घासून पुसट झालेला स्टिकर. भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक, जो 'आर' अक्षराने सुरू होतो आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो, तो वरच्या स्टिकरवर नव्हताच.

मूळ दोष शोधायला पैसाही लागला नाही. बॅटरी बाहेर काढता येणारी असेल तर पूर्ण चार्ज करून रात्रभर वेगळी ठेवा. सकाळी बसवल्यावर चार्ज तेवढाच असेल तर बॅटरी गळत नाही, लॅपटॉप बंद असतानाही ती ओढतोय. आमच्याकडे तसंच निघालं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, लॅपटॉप बंद असतानाही यूएसबीतून मोबाइल चार्ज व्हावा अशी सोय चालू होती आणि मोबाइल रात्रभर तिथेच लावलेला असायचा. सोय बंद केली, विंडोजचं फास्ट स्टार्टअपही (लॅपटॉप लवकर सुरू व्हावा म्हणून तो पूर्ण बंद न करणारी सोय) बंद केलं, उतरण थांबली. बॅटरी बदलायची गरजच नव्हती. हे त्या माणसाला कळलं नसेल असं मला वाटत नाही. चांगली बॅटरी त्याला दिसली, म्हणूनच त्याने ती ठेवून घेतली.

परत गेलो तेव्हा "हीच दिली होती कशावरून?" असं त्याने तोंडावर विचारलं. दोन्ही रिपोर्ट आणि स्टिकरचे फोटो समोर ठेवल्यावर गप्प झाला, पण बॅटरी काही काढून दिली नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. आता तो निम्मे पैसे परत करायला तयार आहे. भाचीने नकार दिला. तिला पूर्ण पैसे आणि स्वतःची बॅटरी, दोन्ही हवं आहे.