दोघांची शिडाची सफर: दाल्मेशिया की तुर्कस्तानचा नैऋत्य किनारा?

क्रोएशियाच्या दाल्मेशिया किनाऱ्यावरील स्प्लिटहून निघालेली नौका ह्वार, विस, कोर्चुला ही बेटे घेत दुब्रोव्हनिककडे सरकते. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून वाहणारा मायस्त्राल वारा शिडे भरून टाकतो, त्यामुळे इंजिन बंद करून केवळ पाण्याचा आवाज ऐकत जाण्याचे सुख इथे खरोखर मिळते. विस बेट लष्करी तळामुळे १९८९ पर्यंत परदेशी पर्यटकांना बंद होते. तिथली दगडी गावे म्हणूनच आजही शांत आहेत. ह्वारच्या बंदरात मात्र जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी उसळते.

तुर्कस्तानात फेथियेहून देम्रेकडे जाणारी गुलेत ही लाकडी नौका डोलकाठ्या असूनही बहुतेक वेळ इंजिनावरच चालते. पण जेवण नौकेवरच शिजते आणि रात्री पाइनवृक्षांनी वेढलेल्या खाडीत नांगर पडतो. केकोवा बेटाजवळ भूकंपाने खचलेल्या प्राचीन वस्तीच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरताना दिसतात. त्या अवशेषांवर पोहण्यास बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

निवांतपणा हवा असलेल्या जोडप्याने माझ्या मते गुलेतच निवडावी. दोघांपैकी एकाला जरी सुकाणू हाती घेण्याची ओढ असेल, तर मात्र शेंगेन व्हिसाची खटपट करून जूनमध्ये दाल्मेशियाच गाठावे.