नव्या आमदारांकडे काय मागायचं: वाढीव हप्ता की हक्काचं काम?

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत महायुतीने ‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये २,१०० करू म्हटलं, तर महाविकास आघाडीने थेट ३,००० चा आकडा दिला. निवडून आलेले आमदार कुठल्याही बाजूचे असोत, गरिबाला मदत म्हणजे खात्यात पैसे, एवढ्यावर त्यांचं एकमत दिसतं. म्हणून बचत गटाने आमदारांना निवेदन द्यायचं ठरवलं की पहिला प्रश्न हाच येतो: हप्ता वाढवून मागायचा की रोजगार हमीचं काम?

हप्त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन महिन्यांचे ३,००० एकदम जमा झाले, तेव्हा आमच्या शेजारच्या काकूंनी गॅसची टाकी घेतली, नातवाला वह्या आणल्या. स्वतःच्या नावाच्या खात्यातून त्यांनी पहिल्यांदाच पैसे काढले होते. मध्ये मुकादम नाही, नवऱ्याची परवानगी नाही. याला ‘रेवडी’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पण ही योजना उभी आहे शासन निर्णयावर. निकष सरकारच ठरवतं, सरकारच बदलतं. शेतकऱ्यांना पैसे देणाऱ्या नमो शेतकरी योजनेचा लाभ घेणारीला ‘लाडकी बहीण’चे ५०० च मिळतात. ई-केवायसी अडकली की बाई सेतू केंद्राच्या चकरा मारते.

रोजगार हमीची गोष्ट निराळी. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना काम देऊन गेली, आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन गावातल्या मजुरांना काम द्यायचं, हे तेव्हाच्या आमदारांनी ठरवलं. केंद्राचा २००५ चा रोजगार हमी कायदा, म्हणजे मनरेगा, याच वाटेने आला. नमुना ४ भरून काम मागायचं, तारखेची पोच घ्यायची. पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता, ही रीत तिथली. उपकार नाही, हक्क! शिवाय बांध, विहीर, शेततळं गावातच राहतं.

दोष इथेही आहेत. मजुरी रखडते, हजेरीपटात घोळ होतात, आणि म्हाताऱ्या किंवा आजारी बाईला टिकाव-घमेलं झेपत नाही. तिच्यासाठी हप्ताच बरा, तो वाढायलाही हवा.

तरीही गाव कोरडवाहू असेल, दिवाळीनंतर अर्धी घरं ऊसतोडीला जात असतील, तर निवेदनात आधी काम लिहा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. त्यात वर्षाला हमीच्या कामाचे दिवस १२५ झाले, पण खर्चाचा ४० टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यांवर आला. म्हणजे ‘ते दिल्लीचं काम’ असं सांगून आमदारांना आता हात झटकता येणार नाहीत. राज्याच्या अर्थसंकल्पात या वाट्याची तरतूद किती, आणि ती वाढावी म्हणून तुम्ही सभागृहात बोलणार का, हे लेखी विचारा. काम मागितल्याच्या पोचपावत्यांच्या झेरॉक्स सोबत जोडा.